व्याह्यांचा पियानो

गोविंदरावांनी आबासाहेबांचे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ चालू केले, तिथेच सगळा घोटाळा झाला.

मुलीच्या बापाने मुलाच्या घरी कसे वागावे, याचे काही नेम असतात. पुढ्यात येईल ते खावे, विचारतील तेवढे बोलावे आणि नजर सतरंजीवरून हलू देऊ नये. गोविंदराव स्वभावाने इतके भित्रे, की हे नेम त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. रेल्वेच्या सिग्नलच्या कारखान्यात ते फिटर होते आणि साहेब, फोरमन, पाल आणि मोठ्याने बोलणारा कोणीही माणूस यांना ते सारखेच भीत. पण बंद यंत्र दिसले की त्यांचे हात शिवशिवत. त्या दिवशी झाशीच्या लक्ष्मी गेटाजवळ आबासाहेबांच्या बैठकीत उषाच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा मधु कचेरीत नोकरीला, शांत, निर्व्यसनी, उषाच्याही मनात भरलेला. सगळे जुळत आले होते. तेवढ्यात गोविंदरावांची नजर सतरंजीवरून भिंतीवर गेली. ते उठले, घड्याळाचे दार उघडून लंबक जरासा वाकवला, आणि घड्याळ टिकटिकू लागले.

"वाह!" आबासाहेब गरजले. "केव्हाचं बंद होतं जी हे. सीपरी बाज़ारचा घड्याळजी हात टेकून गेला!"

"त्यात काय, आबासाहेब," गोविंदराव म्हणाले, "यंत्र म्हणजे यंत्र. कुठलंही असो, हाताला ऐकतं."

असले वाक्य ते जन्मात बोलले नव्हते. आतल्या दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, इंदिराबाईंच्या, घशात लाडूचा घास अडकला.

"कुठलंही?" आबासाहेबांनी विचारले.

"कुठलंही."

"मग या इकडे."

आबासाहेबांचे पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत कारभारी होते. जहागीर गेली, कारभार गेला, आवाज मात्र तेवढा पिढ्यानपिढ्या उतरत आला होता. त्या आवाजापाठोपाठ गोविंदराव बैठकीच्या कोपऱ्यात गेले. तिथे जुन्या शालीखाली कपाटाएवढे काहीतरी उभे होते. आबासाहेबांनी शाल ओढली. खाली पियानो होता.

"वडिलांनी छावणीतल्या एका साहेबाकडून घेतला," आबासाहेब म्हणाले. "विलायतेला परत जाताना साहेब ह्याच्यावर डोकं टेकून रडला होता. म्हणाला, मी परत येईन. आला नाही. बोटीवरच वारला." त्यांनी एक पट्टी दाबली. आतून हाडावर हाड आपटल्यासारखे 'टक्' झाले आणि पुढे काहीच नाही. "वर्ष झालं, असा मुका बसलाय. आमच्या घरात साखरपुडा म्हणजे ह्याच्यावर मंगलाष्टकांची चाल वाजलीच पाहिजे. माझ्या वेळी वडिलांनी वाजवली, थोरल्याच्या वेळी मी. मुका पियानो घरात ठेवून मी शुभकार्य करायचा नाही. पण आता तुम्ही आहात! अक्षय्य तृतीयेपर्यंत बोलता करा."

"आणि... नाही बोलला तर?"

"तर मग काय जी, थांबू. चातुर्मास जाऊ दे. तुळशीचं लग्न जाऊ दे. मग पुन्हा पाहू, तुमच्या मनात असलं तर आणि आमच्या मनात असलं तर."

या 'असलं तर'चा अर्थ गोविंदरावांना बरोबर कळला. उषाला याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. झाशीत मराठी घरे ती किती, त्यात सोयरिकीची किती, आणि त्यात मधुसारखा मुलगा एकच. मुलीच्या बापाच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवाने घातलेलाच नसतो. गोविंदराव हो म्हणाले.

टांग्यात बसल्यावर इंदिराबाईंनी विचारले, "पियानो कधी पाहिलाय तुम्ही?"

"आज."

"त्याआधी?"

"त्याआधी घड्याळ पाहिलं होतं," गोविंदराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ते सायकलने लक्ष्मी गेटावर गेले आणि पियानोची पुढची फळी काढली. आत पाहतात तो काय! एका पट्टीमागे इतके लाकडाचे तुकडे, तारा, लोकरी बनाती आणि स्प्रिंगा, की एका पट्टीतून एक सिग्नल उभा राहिला असता. आणि अशा पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! पाठीमागे आबासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले होते.

"ऐकतंय का हाताला?" त्यांनी विचारले.

"ऐकेल, ऐकेल," गोविंदराव म्हणाले.

भित्रा असला तरी माणूस कामात कच्चा नव्हता. दोन-तीन दुपारी नुसते पट्ट्या दाबून पाहिल्यावर त्यांना मेख कळली. पट्टी दाबली की आतली एक दांडी हातोडीला ढकलते. हातोडी तारेला लागायच्या जरासे आधी त्या दांडीने बाजूला सरकायचे असते, म्हणजे हातोडी आपल्याच वेगाने जाऊन टोला देते आणि माघारी येते. दांडी उशिरा सरकली तर हातोडी तारेलाच चिकटते. लवकर सरकली तर हातोडी अर्ध्या वाटेवरूनच परत येते, तारेपर्यंत पोचतच नाही. इथे सगळ्याच दांड्या लवकर सरकत होत्या. ही वेळ ठरवायला प्रत्येक पट्टीला एक बारीक स्क्रू होता. तो जरासा फिरवला की काम फत्ते.

पण फिरवायचा कशाने? तो स्क्रू दांड्यांच्या गर्दीत खोल बसलेला, आणि त्याच्या डोक्याला नेहमीची खाच नव्हती. तिथे मुलीच्या कानातल्या बाळीसारखी एक चपटी कडी होती. कारखान्यातला सगळ्यात बारीक पेचकस आत घातला तर तीन हातोड्या एकदम हलल्या आणि आबासाहेब खुर्चीतून उठले.

गोविंदराव लोहारखात्यातल्या मारुतीकडे गेले. मारुती साताऱ्याकडचा, दंडाने भरलेला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि भट्टीतून एक हत्यार काढून दिले. त्या हत्याराने इंजिनाचे चाक उचलले असते.

"अरे, बारीक पाहिजे, मारुती! सुईसारखं."

"ह्येच बारीक हाय," मारुती म्हणाला. "यापरीस बारीक आपल्या भट्टीत निघत न्हाई. निघालं तर जळून जातंय."

तेव्हा गोविंदराव घराकडे वळले. पहिली गेली ती छत्री. तिची एक काडी काढून, टोक चेपून त्यांनी कडीत अडकवली. काडी स्वतःच पीळ खाऊन परत सुटली आणि स्क्रू जागचा हलला नाही. मग इंदिराबाईंची क्रोशाची सुई गेली. तिचा आकडा कडीत बसला खरा, पण निघेना. ती काढताना एक हातोडी मोडता मोडता वाचली. काही पट्ट्या मागच्या पावसाळ्यात फुगून अडकल्या होत्या. त्यांच्या भोकातली बनात चेपायला स्वयंपाकघरातली सांडशी गेली. तिच्या दोन्ही जबड्यांना गोविंदरावांनी गुळगुळीत लाकडी पट्ट्या बांधल्या. हे हत्यार मात्र नामी झाले. इंदिराबाई पदराने दुधाचे पातेले उतरवू लागल्या.

"पोरीच्या लग्नासाठी दागिने मोडतात हे ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "सांडशी मोडलेली पहिल्यांदाच पाहत्येय."

"मोडली नाही गं. जरा वेगळी केलीय."

"झारा लपवून ठेवलाय मी. आधीच सांगून ठेवते."

शेवटी उत्तर सापडले ते सायकलीत. मागच्या चाकाचा एक आरा काढून गोविंदरावांनी तो शेगडीत लाल केला, टोक चपटे केले, कानशीने त्याला खाच पाडली आणि मानेशी जरासा बाक दिला. आरा दांड्यांच्या मधून बिनबोभाट आत शिरला, कडी खाचेत बसली, स्क्रू फिरला. गोविंदरावांनी पट्टी दाबली. खणखणीत 'टण्ण' झाले. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. गोविंदरावांच्याही आले, पण ते भीतीतून सुटल्याचे होते, कारण इतके दिवस ते श्वास धरून होते.

दहाबारा स्क्रू फिरवले की आऱ्याची खाच झिजे आणि नवा आरा लागे. पियानो जसजसा सुधारत गेला, तसतशी सायकल बिघडत गेली. मागचे चाक पापडासारखे वाकडे होऊन गोविंदराव रस्त्याने लंगडत जाऊ लागले. सीपरी बाज़ारचा सायकलवाला रोज आरे कमी झालेले पाहून एके दिवशी न राहवून म्हणाला, "बाबूजी, रोज की तीलियाँ कहाँ जाती हैं? खाते हो क्या?"

हेही निभले असते. पण त्यानंतर जे सुरू झाले, त्याने गोविंदरावांची झोप उडाली.

दुपारी त्यांनी बोलत्या केलेल्या पट्ट्या दुसऱ्या दुपारी पुन्हा मुक्या सापडू लागल्या. पहिल्यांदा त्यांना वाटले, आपलाच हात चुकला. दुसऱ्यांदा वाटले, आपले हत्यार चुकले, म्हणून त्यांनी खाच आणखी नेटकी केली. तिसऱ्यांदा पाहिले तर सगळे स्क्रू मोजूनमापून उलट फिरवलेले होते. कुणी घाईने खाडखूड केलेली नव्हती. फार सफाईचे काम होते. ओरखडा म्हणून नाही. फक्त कड्यांच्या आतल्या बाजूला पिवळसर झाक होती, आणि सगळ्या पियानोला तेलाचा वास येत होता.

"काल 'सा' बोलत होता," मागून आबासाहेब म्हणाले.

"बोलत होता," गोविंदराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा 'सा' लागत नव्हता.

"आज का नाही?"

"हवा... हवेचा परिणाम आहे."

आबासाहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि आयुष्यात प्रथमच आवाज खाली आणला. ते फारच भयंकर वाटले. "गोविंदराव, तुम्हाला एक विचारू? साहेब तर नसेल? तो म्हणाला होता जी, मी परत येईन."

गोविंदरावांच्या हातातला आरा आत पडला. तो काढायला पियानोत हात घालायची त्यांची हिंमत होईना. भुताला ते लहानपणापासून भीत, पण आजवर त्यांच्या भीतीतली भुते सगळी आपली, पिंपळावरची होती. साहेबाचे भूत म्हणजे एकाच वेळी भूतही आणि साहेबही. त्याला सलाम करायचा की रामरक्षा म्हणायची? आणि हे भूत कामात त्यांच्यापेक्षा सरस होते, त्याची हत्यारेही त्यांच्याहून चांगली होती! हे शेवटचे दुःख गोविंदरावांना भीतीपेक्षाही जास्त झोंबले.

घरी त्यांनी इंदिराबाईंना सांगितले. त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "तेलाचा वास कसला येतो? खोबरेल?"

"तिळाचं वाटतं."

"विलायतेतला साहेब तिळाचं तेल कशाला लावेल?"

उषा दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. नाही तर नाही. इतका डर लागतो तर जाऊ नका तिकडे." पण हे म्हणताना पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. तो पाहून गोविंदरावांनी रामरक्षेची पोथी खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी वाकड्या सायकलवर बसले.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. त्या संध्याकाळी काम आटोपून ते निघाले आणि तळ्याच्या वळणावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आले, की पोथी पियानोवरच राहिली. पोथीशिवाय रात्र काढायची म्हणजे कठीणच. ते परत फिरले. दिवेलागणीची वेळ होती. आबासाहेब नेमाप्रमाणे लक्ष्मीच्या देवळात गेलेले, मधु कचेरीतून यायचा, घर शांत. बैठकीचे दार लोटलेले होते. गोविंदरावांनी फटीतून पाहिले.

अंधारात पियानोच्या पोटात एक ज्योत हलत होती. आणि आतून हळूच आवाज येत होता. टिक्. टिक्. टिक्.

रामरक्षा पियानोवर होती आणि तोंडपाठ असलेली सगळी त्या क्षणी पाठ फिरवून गेली. गोविंदरावांना ओरडायचे होते, पण तोंडातून निघाले ते कारखान्यातले. "सलाम, साहेब!"

आत काहीतरी धपकन आपटले. ज्योत उंच झाली. तिच्या उजेडात डोक्यावरून पदर घेऊन, समई हातात धरून आबासाहेबांच्या पत्नी, मधुची आई जानकीबाई, उभ्या होत्या.

"ओरडू नका जी," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुम्हाला उषाची आण आहे. ह्यांना सांगू नका."

मग गोविंदरावांची नजर त्यांच्या हाताकडे गेली. हातात समईची वात पुढे सारायची पितळी काडी होती. लांब, सडपातळ, मानेशी हलकीशी वाकलेली. टोक पाट्याच्या कडेवर घासून चपटे केलेले आणि त्याला नखाएवढी खाच. लाकडाला लागून वाजू नये म्हणून दांडीला तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळलेली. गोविंदराव भीती विसरले.

"बघू जरा," ते म्हणाले. त्यांनी काडी पियानोत घातली. ती दांड्यांमधून तेलावर सरकावी तशी सरकली, कडीत बसली, आणि जरा मनगट वळवताच स्क्रू फिरला. "अहो, हे फारच उत्तम जमलंय! पितळ मऊ, म्हणून कडी खरवडत नाही. हा बाक कसा दिलात?"

"गरम करून उखळाच्या तोंडावर वाकवली," जानकीबाई जराशा लाजून म्हणाल्या. "पहिल्या दोन मोडल्या. दिवेलागणीला बाई वातीची काडी घेऊन कोपऱ्यात गेली तर कुणी विचारत नाही, काय करते म्हणून."

"पण का?"

जानकीबाई समई खाली ठेवून मटकन बसल्या. "व्याहीबुवा, तुम्ही ह्यांना वाजवताना ऐकलं नाही ना? रोज पहाटे. सूर्य उगवायच्या आधी. आणि वाजवत नाहीत नुसते, गातात पण. तीस वर्षं ऐकलं मी. थोरली सून आली, सोन्यासारखी पोर. सहा महिन्यांत डोकं धरून बसली. थोरल्याला घेऊन ललितपुरास गेली ती गेलीच. तेव्हा एक दिवस मी आत डोकावले, बघितलं कुठं काय हलतं, आणि ह्याला मुका केला. आता तुमची उषा येणार. लेकरू गोड आहे. ती पण जाईल. मधु पण जाईल. मग ह्या घरात मी आणि हा डबा."

"पण हा बोलला नाही तर साखरपुडाच होत नाही!"

"आणि बोलला तर सून टिकत नाही."

दोघेही पियानोकडे पाहत राहिले. तो दात दाखवत उभा होता. शेवटी जानकीबाईंनी डोळे पुसले आणि अगदी वेगळ्याच सुरात विचारले, "व्याहीबुवा, तुमचा रेल्वेचा क्वार्टर कसा आहे? जागा पुरते?"

विहीणबाई घरादाराची चौकशी करताहेत म्हटल्यावर मुलीचा बाप जे बोलतो तेच गोविंदराव बोलले. "पुरते म्हणजे? बक्कळ आहे. दोन ऐसपैस खोल्या. वर आणि व्हरांडा."

"भिंती मोठ्या?"

"प्रशस्त!"

"मग करा तुम्ही ह्याला बोलता," जानकीबाई म्हणाल्या. "ही काडी घ्या. मी काही उलटं करणार नाही."

त्यांचे मन कशाने पालटले हे गोविंदरावांनी विचारले नाही. आपल्या घराची ऐट ऐकून विहीणबाई निवळल्या, असे धरून ते आनंदाने घरी गेले. त्या काडीने दोन दुपारींत सगळा पियानो बोलू लागला. सायकलचा एकही आरा लागला नाही.

अक्षय्य तृतीयेला साखरपुडा झाला. लक्ष्मी गेटावरची जुनी मराठी घराणी आणि रेल्वे कॉलनीतली मंडळी बैठकीत दाटीवाटीने बसली. उषाच्या ओटीत साखर पडली, आणि आबासाहेब जरीचा फेटा सावरत पियानोपुढे बसले. गोविंदरावांनी आधी देवाचे नाव घेतले, की एकही पट्टी अडू नये. एकही अडली नाही. मंगलाष्टकांची चाल संपली. लोकांनी माना डोलावल्या. मग आबासाहेबांनी डोळे मिटले आणि पहाटेची भूपाळी सुरू केली, भर दुपारी, गळ्यासकट. वर्षभराचे साठलेले होते. हात एका सुरात, गळा दुसऱ्या, आणि दोघेही जोरात. बाहेर टांग्याचा घोडा उधळला. एक तान्हे मूल किंचाळले. पेढे वितळू लागले. भूपाळीनंतर आरती झाली, आरतीनंतर आणखी काहीतरी झाले. गोविंदरावांनी हळूच उषाकडे पाहिले. ती पांढरीफटक पडली होती.

शेवटी आबासाहेब दम घ्यायला थांबले. तेवढ्यात जानकीबाई माजघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"माझं एक मागणं आहे जी," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "ह्या पियानोला व्याहीबुवांनी पोटच्या पोरासारखा जपला. आपण त्यांची लेक घरी आणतो आहोत. लेक घ्यावी आणि बदल्यात काही देऊ नये, हे आपल्या घराण्याला शोभतं? हा पियानो त्यांच्या घरी जाऊ द्या. ज्याच्या हाताला तो ऐकतो, त्याच्याजवळच राहील. जागा बक्कळ आहे त्यांच्याकडे. ते स्वतःच बोलले."

बैठकीत वाहवा झाली. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला काही दिल्याचे झाशीत कुणी ऐकले नव्हते. आबासाहेबांचे डोळे भरून आले, छाती भरून आली, मग एकाएकी चेहरा उतरला. "पण मग मी वाजवायचं कुठं?"

"व्याह्यांच्या घरी तुम्हाला कोण नाही म्हणणार?" जानकीबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा गोविंदरावांवर वळल्या. इंदिराबाई पदराआडून जीव तोडून मान हलवत होत्या. आबासाहेबांनी विचारले, "नाही म्हणाल का, व्याही?"

"छे, छे!" गोविंदराव म्हणाले. "घर आपलंच आहे."

दुसऱ्याच दिवशी पियानो बैलगाडीत बसून सीपरी बाज़ारातून मिरवत रेल्वे कॉलनीत आला. दोन ऐसपैस खोल्यांपैकी एकीत तो मावला आणि त्या खोलीत दुसरे काही मावेना. गोविंदराव आणि इंदिराबाई व्हरांड्यात झोपू लागले. झोपत म्हणजे पहाटेपर्यंत. पहाटे टांगा दाराशी थांबे आणि हाक येई, "व्याही, उठलात का जी?" रात्रपाळी करून नुकतेच आडवे झालेले ड्रायव्हर आणि गार्ड आपापल्या खिडक्यांतून काय बोलत, ते आबासाहेबांना भूपाळीत ऐकू येत नसे. गोविंदरावांना सगळे ऐकू येई. कॉलनीत त्यांना तोंड दाखवायचीही भीती वाटू लागली.

"तुम्हाला तर जमतं ना हे," एकदा इंदिराबाई कुजबुजल्या. "मग बिघडवा की!"

"बिघडवीन. पण मग दुरुस्त कोण करणार? मीच ना? आणि ते पाठीमागे काठी घेऊन बसणार."

आठवड्याभरात उषा वडिलांजवळ येऊन बसली. लग्न मार्गशीर्षात ठरले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मार्गशीर्ष म्हणजे फार लंबं नाही होत? ज्येष्ठात पण मुहूर्त आहे म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मधुंनी. तिकडे घरात आता एकदम शांती आहे म्हणाले."

लेकीला सासरी जायची अशी घाई झालेली गोविंदरावांनी कुठे पाहिली नव्हती. जिचे लग्न लांबेल म्हणून इतके दिवस त्यांच्या काळजाचे पाणी झाले, तिचे लग्न ज्येष्ठातच उरकले. मांडवात काही कमी पडले नाही. पाठवणीच्या वेळी इंदिराबाई अशा रडू लागल्या, की त्यांना आवरायला चौघी लागल्या.

"असं काय करता? लक्ष्मी गेटावर तर दिलीय. सुखात राहील पोरगी," एकीने समजूत घातली.

"ती राहील हो सुखात," इंदिराबाई हुंदका देत म्हणाल्या. "मी रडत्येय ती आमच्यासाठी."

टांग्यात चढताना उषा मात्र हसत होती. जानकीबाईंनी तिला कुशीत घेतले आणि टांगा हलला. गोविंदराव धोतराच्या सोग्याने डोळे पुसत उभे होते. त्यांच्या खांद्यावर एक जड हात पडला.

"रडू नका, व्याही," आबासाहेब गहिवरून म्हणाले. "लेक गेली, घर सुनं वाटेल, मला कळतं जी. म्हणून मी ठरवलंय. आता नुसता पहाटेचाच नाही, संध्याकाळचा पण येत जाईन."

हे ऐकताच गोविंदरावांना हुंदका आवरेना. शेवटी बापाचे काळीज, असे मंडळी एकमेकांना म्हणाली आणि सगळ्यांचेच डोळे ओले झाले.